‘नको’ म्हटल्यानंतर

शारजा ते दुबई हा रस्ता तसा अर्ध्या तासाचा. पण ज्यांना दुबईतली भाडी झेपत नाहीत ती सगळी दुनिया शारजात राहायची आणि सकाळी एकाच वेळी दुबईकडे निघायची, त्यामुळे आमची गाडी मुंगीच्या पावलानं सरकायची. एवढ्या वेळात माणसांनी करायचं काय? आम्ही अमेरिका चालवायचो.

गाडी चाचांची. पांढरी, जुनी, जपानी, आणि एसीचा वारा फक्त पुढच्या सीटपर्यंत पोचणारी. चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअर सांभाळायचे. मी त्याच कंपनीत सेक्रेटरी. माझं माहेर त्यांच्याच तालुक्यातलं आहे हे कळलं त्या दिवसापासून मी त्यांची ‘बाय’ झाले आणि पुढची सीट माझी झाली. मागे आमच्याच ऑफिसातला एक ड्राफ्ट्समन, पुण्याचा, अमेरिकेला जायची स्वप्नं बघणारा. त्याच्या शेजारी केरळचा एक अकाउंटंट असायचा. तो बसल्या बसल्या झोपायचा आणि ऑफिसच्या दारात जागा व्हायचा, त्यामुळे त्याची मतं मला आजपर्यंत कळलेली नाहीत.

चाचांचं आणि अमेरिकेचं वैर जुनं. तिकडे आईबाप म्हातारे झाले की त्यांना पैसे भरून दुसऱ्यांच्या घरी ठेवतात. पोरगं मोठं झालं की त्याला बाहेर काढतात. शेजारी मेला तर चार दिवसांनी कळतं. आणि असल्या लोकांचा राष्ट्राध्यक्ष सगळ्या जगाला अक्कल शिकवतो. हे सगळं चाचा स्टिअरिंगवर बोटं आपटत सांगायचे. ड्राफ्ट्समनचं म्हणणं नेमकं उलट. तिकडे राष्ट्राध्यक्षालासुद्धा कोर्टापुढे उत्तर द्यावं लागतं, आपल्याकडे साध्या सरपंचाला कोणी विचारून दाखवावं. मी सांगतेय त्याच्या दोन वर्षं आधी त्या राष्ट्राध्यक्षाचं ऑफिसातल्या पोरीबरोबरचं प्रकरण गाजत होतं तेव्हा चाचा बातम्या लागल्या की रेडिओ बारीक करायचे, गाडीत बाईमाणूस आहे म्हणून. मग दोघं पुरुष त्या विषयावर इतक्या आडवळणानं बोलायचे की शेवटी तपशील मलाच पुरवावे लागायचे.

पण चाचांचा खरा राग होता तो अमेरिकन लोकांच्या थँक्यूवर.

“थँक्यू म्हणजे काय गे बाय?” ते म्हणायचे. “उधारी मिटवली. तुझं माझं काही राहिलं नाही. आपल्यात भावानं पाणी दिलं तर भाऊ थँक्यू म्हणतो काय?”

या बाबतीत मी चाचांच्या पक्षात होते. माझी मुलगी तेव्हा पहिलीत, इंग्लिश शाळेत. मी मराठीत बोलायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा नियमच झाला होता. ताटात पोळी वाढली की म्हणायची, थँक्यू मम्मा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईला कोणी थँक्यू म्हणतं का? आणि दुसरी पोळी वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरून म्हणायची, आय सेड नो. आमच्या घरात पाहुण्याचा पहिला ‘नको’ कोणी मोजतच नाही. पहिला ‘नको’ रीतीचा असतो, दुसरा वाढणाऱ्याचं मन बघण्यासाठी असतो, आणि तिसऱ्या वेळी माणूस म्हणतो, बरं, अर्धीच द्या. मी असंच वाढून आणि असंच वाढून घेऊन मोठी झाले. आणि ही सहा वर्षांची कार्टी मला सांगते, नो म्हणजे नो.

आता आमचा साहेब. तो अमेरिकन होता, मक्याच्या शेतांच्या मुलखातला, ताडमाड उंच, मानेपर्यंत उन्हानं लाल झालेला. दोन वर्षांसाठी आमच्या कंपनीचा कारभार बघायला आला होता. चहा आणून देणाऱ्या माणसालाही प्लीज म्हणायचा. लिफ्टमध्ये शिरताना मला आधी जाऊ द्यायचा. दार उघडलं की मागून येणाऱ्यासाठी धरून ठेवायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं असंच एक दार धरलं आणि नेमकी सोनापूरच्या कॅम्पमधून मजुरांची बस आली होती. माणसं आत येत राहिली, साहेबाकडे बघून बिचकत, सलाम करत जात राहिली, आणि दार आपल्या हातात घ्यायचं असतं हे कोणालाच माहीत नाही. साहेब आपला दरवानासारखा उभा. शेवटी मीच जाऊन त्याची सुटका केली. तो मला थँक्यू म्हणाला.

माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही चाचांना सांगायची. चाचा म्हणायचे, वाईट कोण म्हणतो, कोरडा आहे.

हे सगळं ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय, त्या हिवाळ्यात अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली आणि मोजणी काही संपेना. फ्लोरिडात गाडं अडलं होतं. आमच्या गाडीत तर दिवाळीच. चाचा म्हणायचे, आमच्या ग्रामपंचायतीची मोजणी एका रात्रीत होते, वर गुलालही उधळून होतो. ऑफिसात इजिप्तच्या एका इंजिनिअरनं साहेबाला तोंडावर सांगितलं की हवं तर आम्ही कैरोहून निरीक्षक पाठवतो. साहेब हसला. तो बिचारा मनातून खजील झाला होता, पण त्यानं आम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं. मतदारानं कार्डाला भोक पाडायचं असतं. काही भोकं पुरती पडलीच नाहीत, कागद लोंबकळत राहिला. म्हणून आता माणसं एकेक कार्ड हातात घेऊन उजेडासमोर धरतात आणि बघतात की मत देणाऱ्याच्या मनात काय होतं.

चाचांना ही गोष्ट एवढी आवडली की आठवडाभर ते वाटेतलं जे हाती लागेल ते उजेडासमोर धरून बघत होते. पार्किंगची पावती, केळ्याचं साल, एकदा तर झोपलेल्या अकाउंटंटचा टिफिन.

त्याच आठवड्यात आमच्या कंपनीचा मुख्य स्टोअरकीपर कायमचा गोव्याला परत गेला आणि त्याची जागा रिकामी झाली.

त्या जागेचं महत्त्व सांगायला हवं. चाचा गल्फमध्ये आले ते हेल्पर म्हणून. पुढे काम स्टोअरकीपरचं करू लागले, पण व्हिसावर शिक्का हेल्परचाच राहिला. आणि तिथला कायदा असा की ठरावीक पगार आणि बरा हुद्दा असल्याशिवाय बायकोला आणता येत नाही. त्यामुळे चाचा वीसेक वर्षं शारजात एका खोलीत बाकीच्या पाच जणांबरोबर राहत होते. दोन मुली झाल्या, त्या सुट्ट्यांच्या हिशेबानं. त्या मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या. चाचांची आईही वारली. आता खाडीकाठच्या घरात चाची एकट्या.

सुरुवातीच्या वर्षांत चाची कॅसेट भरून पाठवायच्या. चाचांनी एकदा जाममध्ये उभं असताना मला सांगितलं होतं. कॅसेटमध्ये कोंबडा आरवायचा, पोरी पाढे म्हणायच्या, कोण आजारी, कोणाची गाय व्यायली, सगळं यायचं, आणि शेवटी न चुकता एकच प्रश्न. आम्हाला कधी नेणार?

“मग मधेच कधीतरी तिनं विचारणं बंद केलं गे,” चाचा समोरच्या गाडीच्या दिव्यांकडे बघत म्हणाले होते. “विचारायची तेव्हा राग यायचा. बंद केलं ते जास्त लागलं.”

तर ही जागा चाचांना मिळाली असती तर चाची येऊ शकत होत्या. दुसरी संधी येण्याएवढी चाचांची नोकरी आता उरली नव्हती. ऑफिसात सगळ्यांना वाटत होतं की जागा त्यांनाच मिळणार, कारण स्टोअरमधला खिळासुद्धा त्यांच्या ओळखीचा. साहेबालाही तसंच वाटत होतं. त्यानं त्यांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी तिथेच पत्र लिहून घेत बसले होते.

साहेबानं त्यांना बसायला सांगितलं. चाचा उभेच राहिले. साहेब नेहमीसारखं सरळ बोलला. सगळी स्टोअर्स तुम्ही सांभाळावीत असं मला वाटतं, पगार वाढेल, हुद्दा बदलेल, कुटुंबाला आणता येईल. तुमचं काय म्हणणं आहे?

चाचांचे कान लाल झाले. मला आनंद लपवता येईना म्हणून मी वहीत मान घातली. आणि मला ऐकू आलं, नो सर, नो, नो, आय ॲम ओके सर. कोणी शिकलेला माणूस बघा सर.

मी मान वरसुद्धा केली नाही. ठीकच चाललं होतं की. अशा मोठ्या गोष्टीला पहिल्या फटक्यात हो कोण म्हणतं? आता साहेब म्हणेल, छे छे, असं कसं, तुमच्याशिवाय कोण आहे. मग चाचा म्हणतील, माझं इंग्लिश कच्चं आहे. मग साहेब म्हणेल, चालेल. मग चाचा म्हणतील, तुमची मर्जी.

साहेबानं विचारलं, आर यू शुअर?

चाचा म्हणाले, शुअर सर.

साहेब उठला, टेबलाला वळसा घालून आला, त्यानं चाचांचा हात हातात घेतला आणि म्हणाला की मला तुमच्या निर्णयाबद्दल आदर आहे, एवढ्या प्रामाणिकपणे बोललात त्याबद्दल थँक्यू. आणि झालं. खलास. चाचा दाराशी थांबले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि गेले. साहेबानं मला सांगितलं की हा चांगला माणूस आहे, त्याला बोजा नको असेल तर आपण लादू नये, आता बाहेरचा माणूस बघू, गुरुवारी मालकाकडे नाव पाठवायचं आहे.

संध्याकाळी दुबईतला खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत चाचांनी नुसती गाडी हाकली. मग सुरू झाले ते थेट अमेरिकेपासून. असले लोक जगावर राज्य करतात. वरवर एवढे गोड, प्लीज काय, थँक्यू काय, आणि आत काही नाही. त्याला द्यायचंच नव्हतं. द्यायचं असतं तर असं विचारलं असतं काय?

“आमच्या गावात चहासुद्धा तीन वेळा विचारतात,” चाचा म्हणाले. “यानं माझी उभी जिंदगी विचारली, ती एकदा.”

ड्राफ्ट्समन मागून म्हणाला की सरळ हो म्हणायचं होतंत. त्यावर चाचा एवढे भडकले की केरळचा अकाउंटंट जागा झाला. हो म्हणायचं? तोंड वर करून? जणू काही वीस वर्षं त्याच खुर्चीवर डोळा ठेवून बसलो होतो? हावरा म्हणाले असते लोक. मी म्हटलं, चाचा, भीड भिकेची बहीण, माझी आई उगाच नाही म्हणायची. म्हणाले, तुझी भीड मेली असेल, माझी आहे शाबूत. मी म्हटलं, मग मी बोलते साहेबाशी. तर गाडी जवळजवळ थांबवून त्यांनी मला बजावलं की माझ्या नावानं मागायला जायचं नाही, कसम आहे तुला. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, बरं झालं, घरी फोन नाही केला आधी. तिला उगाच आशा लागली असती.

ते ऐकलं आणि मला चाचांचाही राग आला, साहेबाचाही आला. रात्री पोरीनं ताटावर हात आडवा धरला तेव्हा तिच्यावरही ओरडले. नवरा म्हणाला, तुला झालंय काय? मी म्हटलं, मला अमेरिका झालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबाच्या केबिनमध्ये गेले. कसम न मागण्याची होती. मी मागणार नव्हते, समजावणार होते. साहेब इंग्लिश पेपर उघडून बसला होता, त्यात त्या कार्डांचाच फोटो. एक टक्कल पडलेला माणूस कार्ड वर धरून डोळे बारीक करून बघत होता. मी त्या फोटोवर बोट ठेवलं.

“सर, काल चाचांनी तुमच्यासमोर एक कार्ड टाकलं. त्याला भोक पुरतं पडलेलं नाही. ते उजेडासमोर धरून बघा.”

साहेबाला आधी काही कळलं नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं. पहिला ‘नको’ काय असतो, दुसरा काय असतो. देणाऱ्यानं पहिला ‘नको’ ऐकून ताट उचललं तर आमच्याकडे त्याचा अर्थ होतो की त्याला वाढायचंच नव्हतं. साहेब ऐकत राहिला. त्याचा चेहरा पडला होता, पण तो हटेना. तो म्हणाला, मी त्याला शुअर का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, आमच्या घरी मोठ्या माणसानं नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारलं तर त्याला खोटारडा म्हटल्यासारखं होतं. माझ्या आईनं मला हेच शिकवलं. त्याचा शब्द मी खरा मानला, यात त्याचा अपमान करायचा माझा काय हेतू होता?

खरं सांगायचं तर मला त्याची दया आली. त्याच्या आईनं एक शिकवलं, चाचांच्या आईनं दुसरं, आणि दोघंही आईचं ऐकणारे.

मग त्याला काहीतरी आठवलं. म्हणाला, म्हणजे गेलं वर्षभर मी या ऑफिसात लोकांना कॉफी विचारतोय आणि लोक नो थँक्यू म्हणतायत. मी म्हटलं, त्यांना हवी होती, सर. तो म्हणाला, सगळ्यांना? मी म्हटलं, इजिप्तवाल्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या सगळ्यांना.

त्यानं कपाळाला हात लावला. मग पेपर बाजूला सारला आणि म्हणाला, चला.

स्टोअर आमच्या ऑफिसच्या मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. चाचा पाइपांचे जोड मोजून घेत होते. साहेबाला बघून उभे राहिले, माझ्याकडे असं बघितलं की मी एका खांबाच्या आडोशाला सरकले. साहेबानं विचारलं, कालच्या गोष्टीवर पुन्हा विचार कराल का? चाचा म्हणाले, नो सर, नो नीड. पण साहेब गेला नाही. रंगाच्या एका बंद डब्यावर बसला, लांबलचक पाय समोर पसरून. कोट पांढऱ्या भुकटीनं माखला तरी त्याला फिकीर नव्हती. म्हणाला, मला दुसरा माणूस नको आहे, मला तुम्ही हवे आहात. चाचा म्हणाले, माझं इंग्लिश, सर. साहेब म्हणाला, मला कळतं तुमचं इंग्लिश. आणि मग तो जे म्हणाला ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं, मी तर नाहीच. तो म्हणाला, माझी बायको इथे माझ्याबरोबर आहे, तुमचीही असावी असं मला वाटतं.

चाचा हातातल्या जोडाकडे बघत राहिले.

“ॲज यू विश, सर,” ते म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर एवढा गोंधळ होता की मला हसू आवरेना. हे हो की नाही? मी मान हलवली. हो, हो, हेच ते हो. साहेबानं चाचांना मिठीच मारली आणि चाचा लाकडासारखे ताठ उभे राहिले.

परतताना चाचांनी विचारलं, बाय, तू काय बोललीस त्याच्याशी? मी म्हटलं, काही नाही, त्यांच्या निवडणुकीबद्दल बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डब्यात तळलेली सुरमई आणली. थँक्यू म्हणाले नाहीत. साहेबाला मात्र तेव्हापासून सवयच लागली. कोणालाही काहीही तीन तीन वेळा विचारायचा. केरळच्या अकाउंटंटला खरोखर कॉफी चालत नव्हती, तरी त्या गरिबाला ती रोज प्यावी लागायची.

रमझान लागला. गुरुवारी गेलेल्या नावावर मालकाची सही झाली, नवा हुद्दा व्हिसावर चढायला गेला. चाचांनी शारजातच, खिडकीतून मशीद दिसते अशी एक खोली हेरून ठेवली. आम्ही गाडीत रोज चाचींचा संसार मांडायचो. गॅस कुठे, फ्रिज कोणता, खोबरेल इथे मिळतं की तिकडून आणायचं. अमेरिकेला कोणी विचारेना. मधूनच ड्राफ्ट्समन एखादी बातमी द्यायचा तेवढीच.

आणि मग एका संध्याकाळी चाचा गाडीत बसले ते त्या केबिनमधून बाहेर पडताना होते तसे. रमझानात ऑफिस लवकर सुटायचं, पण सगळ्यांचंच लवकर सुटत असल्यामुळे जाम तोच. ड्राफ्ट्समन सांगत होता की तिकडे कोर्टानं मोजणी थांबवली, आता जे मोजलं ते मोजलं, खलास. चाचा ऐकत नव्हते. मी विचारलं, काय झालं?

म्हणाले, काल रात्री घरी फोन केला होता. तिला सांगितलं, चल. ती नको म्हणाली. आता काय करू येऊन, म्हणाली. कोंबड्या कोण बघणार, कौलं चाळून घ्यायची आहेत, या वयात परक्या मुलखात मला काय कळणार. तुम्ही खुशाल राहा, म्हणाली.

समोर दिव्यांची लांबच लांब माळ थांबलेली. चाचांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. ते म्हणाले, बरोबरच आहे तिचं. विचारायच्या वेळी मी नेलं नाही. आता तिची मर्जी.

मी विचारलं, चाचा, किती वेळा विचारलंत?

“किती वेळा म्हणजे? विचारलं. नको म्हणाली. मग जबरदस्ती करू काय? तिच्या शब्दाला मान नको?”

माझं डोकंच फिरलं.

“चाचा,” मी म्हटलं, “तुम्ही अमेरिकन कधीपासून झालात?”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. आरशातून मागे ड्राफ्ट्समनकडे बघितलं, तो मान वळवून खिडकीबाहेर बघू लागला होता. मग त्यांनी इंडिकेटर दिला. हॉर्नचा कल्लोळ उठला, कोणीतरी काच खाली करून अरबीत शिव्या घातल्या, पण चाचांनी तीन लेन आडव्या कापून गाडी पेट्रोल पंपात घातली. तिथे फोनचा बूथ होता.

आम्ही गाडीतच बसलो. काचेच्या बूथमध्ये चाचांची पाठ दिसत होती. सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. पंपावरचा पोऱ्या गाड्यागाड्यांतून खजुराची पाकिटं वाटत आला, त्यानं आमच्या गाडीतही एक टाकलं. अकाउंटंट जागा होता. मी त्याला विचारलं, खजूर? तो नको म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही, माझं लक्ष बूथकडे होतं. चाचा बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. एकदा त्यांनी कपाळ काचेला टेकवलं आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मी आमच्या ग्रामदेवतेला नवस बोलले, आणि चाचांच्या गावच्या पीरालाही बोलले.

ते परत आले, दार उघडून बसले. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी एक खजूर घेतला, ओठ हलवून दुआ केली आणि रोजा सोडला. पाणी प्यायले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि त्यांना गाडी सुरू करायची किल्ली सापडत नव्हती. ती इग्निशनलाच होती.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

चाचांनी डोळे पुसले. लपवले नाहीत, चांगले रुमालानं पुसले.

“म्हणते, मी एसीत झोपणार नाही,” ते म्हणाले. “पंखा लावून ठेवा.”